उत्तराधिकारी निवडून येईपर्यंत

आधीच सांगून ठेवते, मला खुर्चीची हौस कधी नव्हती. तरी मी या सात मजली इमारतीची अध्यक्ष आहे, आणि का आहे असं कुणी विचारलं की माझं डोकं सणकतं. कारण सांगायचं म्हणजे मेलेल्या नवऱ्याला शिव्या घालणं आलं. घालते. रोज घालते, त्याशिवाय सकाळचा चहा घशाखाली उतरत नाही.

आम्ही दोघं एकाच संशोधन संस्थेत होतो. देशोदेशींच्या राज्यघटना आणि निवडणुका शेजारी शेजारी ठेवायच्या आणि ताडून बघायच्या, हे तिथलं काम. एकच खोली, समोरासमोर दोन टेबलं. यांच्या टेबलावर घटना, माझ्या टेबलावर मतदानाचे आकडे. राज्यप्रमुख मेला, पळाला किंवा त्याला वेड लागलं तर खुर्ची कुणाकडे जाते, हे ते बघायचे. माणसं मत द्यायला घराबाहेर का पडतात आणि का पडत नाहीत, हे मी बघायचे. सबंध नोकरीभर आम्ही यावरून भांडलो. ते म्हणायचे, "कलम नीट लिहिलेलं असलं की माणसं कशीही असोत, देश चालतो." मी म्हणायचे, "कलम सोन्याच्या शाईने लिहा हो, पण माणूस घरी लोळत पडला तर तुमच्या कलमाला कुत्रं विचारत नाही." मग एकाच डब्यातलं जेवायचो आणि पुन्हा आपापल्या टेबलाशी. सुखाचे दिवस होते, उगाच खोटं कशाला बोलू.

हे निवृत्त झाले त्याच वर्षी इमारतीचा जुना सेक्रेटरी एका रात्रीत मुलाकडे निघून गेला. सहीचा अधिकार त्याच्या एकट्याकडे. बँकेने खातं अडवलं, पंपाचं वीजबिल थकलं, लिफ्ट बंद, पाणी बंद. आम्ही सगळे महिनाभर बादल्या वाहत होतो. माझे गुडघे तेव्हा गेले ते गेलेच. ते निस्तरल्यावर सगळे यांच्याकडे आले. दुसऱ्या मजल्यावरचे विमेवाले पुढे. विमेवाल्यांचं तोंड म्हणजे वाहता नळ, हाताने बंद होत नाही. म्हणाले, "तुम्ही जगाच्या घटना पालथ्या घातल्यात, आमच्यासाठी एक नियमावली लिहून द्या ना! असं पुन्हा कधी व्हायला नको."

झालं! म्हाताऱ्याला एवढं आनंदलेलं मी लग्नातसुद्धा बघितलं नव्हतं. सगळी जुनी टिपणं माळ्यावरून काढली. छत्तीस घरांच्या इमारतीसाठी माझा नवरा चाळीस देशांच्या घटना ताडत बसला. प्रत्येक कलमामागे एका देशाची गोष्ट. एका देशात राष्ट्राध्यक्ष रागावून राजीनामा देऊन गेला आणि पुढे कोण यावरून दोन वर्षं गोळीबार चालला. म्हणून आमचं चौथं कलम: उत्तराधिकारी निवडून येईपर्यंत अध्यक्ष पदावर राहील. दुसऱ्या देशात आजारी प्रमुखाच्या नावाने त्याचा चिटणीसच सह्या करत राहिला आणि देश विकून मोकळा झाला. म्हणून सातवं: अध्यक्षाची सही दुसऱ्या कुणाला करता येणार नाही. तिसऱ्या ठिकाणी मूठभर लोकांनी अर्ध्या रिकाम्या सभागृहात आपला माणूस बसवला. म्हणून दोन तृतीयांश घरं हजर असल्याशिवाय निवडणूक नाही.

"आणि निवडून आलेला माणूस नको म्हणाला तर?" मी विचारलं. विचारायला नको होतं.

"तर आधीचा अध्यक्ष पुढे चालू," ते खुशीत म्हणाले. "खुर्ची एक क्षण रिकामी राहता कामा नये."

"अहो, म्हणजे बसलेला उठायचाच नाही कधी."

"उठेल की. दुसरा बसला की उठेल."

"ही इमारत आहे, देश नाही. इथे कुणाला बसायची हौस आहे?"

"देश म्हणजे तरी काय? मोठी इमारतच." आणि पुन्हा चष्मा चढवून लिहायला लागले. भोक दिसलं की बूच, भोक दिसलं की बूच. हवा यायला एक फट ठेवली नाही. नियमावली मंजूर झाली आणि पहिला अध्यक्ष कोण, हे काय विचारायचं? लोक त्यांना घटनाकार म्हणायला लागले. जिन्यात कुणी "काय घटनाकार!" म्हणालं की स्वारी दोन इंच वाढायची.

मागच्या वर्षी ते गेले. जेवणाच्या टेबलाशी बसून लिफ्टच्या करारावर सही करत होते. मी आतून विचारलं, "आणखी वाढू का?" उत्तर आलं नाही. बघते तर मान खाली, पेन हातात, सही अर्धी झालेली. ती अर्धी सही मी अजून डोळ्यांपुढून घालवू शकत नाही. आणि राग कसला येतो सांगू? त्यांनी एकदासुद्धा मागे वळून बघितलं नाही. मेले तेही कलम पाळता पाळता.

माझं रडणं पुरतं आटलंही नव्हतं तर विमेवाले दारात. हातात तोच करार. "वहिनी, वाईट वाटतं हो सांगायला. पण कलम अकरा."

कलम अकरा: अध्यक्ष मरण पावल्यास त्याच्या घरातली सज्ञान व्यक्ती, उत्तराधिकारी निवडून येईपर्यंत, सर्व जबाबदाऱ्या पार पाडील. घरात सज्ञान व्यक्ती एकच उरली होती. मी. घरचं झालं थोडं आणि व्याह्याने धाडलं घोडं! उरलेली सही मी केली.

आता माझ्या ताईबद्दल सांगायला हवं, कारण सगळा जीव अडकलाय तो तिथे. आई गेली तेव्हा मी फ्रॉकमध्ये होते आणि ताई कॉलेजात. तिने कॉलेज सोडलं, मला वाढवलं, माझी फी भरायला शिवणाचं मशीन चालवलं. स्वतःचं लग्न राहिलं ते राहिलंच. ती राहते तिकडे गाडीने पुरा एक दिवस लागतो. गेल्या वर्षापासून तिच्या डोळ्यांना काय झालंय, तर मधलंच दिसेनासं होतंय. कडा दिसतात, मधे डाग. डॉक्टर म्हणाले, कडाही जातील, थोडे महिने धरा. कंबर मोडल्यापासून तिला प्रवास जमत नाही. फोनवर म्हणाली, "मान जरा तिरकी केली की अजून माणसाचं तोंड ओळखू येतं गं. ये लवकर. एकदा तुझं तोंड नीट बघून घेते, मग काय व्हायचं ते होऊ दे."

"येते," मी म्हणाले. "कायमची येते. मला इथे आता कशाने धरून ठेवलंय?"

कशाने धरून ठेवलंय! हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे.

मी सभेची नोटीस लावली: नव्या अध्यक्षाची निवडणूक. छत्तीस घरांतून आले नऊ. दुसऱ्यांदा लावली, आले सात, त्यातले दोघं पंख्याखाली बसायला. तिसऱ्यांदा मी घरोघर गेले. चौथ्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर म्हणाले, "यायला काय, येतो हो. पण वहिनी, त्या खुर्चीवर बसला तो उठत नाही, हे सगळ्यांनी बघितलंय. आलो आणि माझंच नाव पुढे आलं तर? घरात बसलेलं बरं." बघा म्हणजे. एरवी लिफ्टमधला कागद न वाचणाऱ्या लोकांनी कलम चार मात्र बरोबर वाचलं होतं. वकिलाकडे गेले तर तो नियमावली वाचून कौतुकाने मान डोलवायला लागला. "काय लिहिलंय! कोर्टात गेलात तर जिंकाल, पण तुमची नातवंडं निकाल ऐकतील." मला नातवंडं नाहीत. मुलंच नाहीत.

मग म्हटलं, खड्ड्यात गेली इमारत. बॅग भरली, गाडी पकडली. तुम्ही म्हणाल, मग प्रश्न सुटला. ऐका. सहाव्या मजल्यावर निवृत्त पोस्टमास्तर राहतात, एकटे. त्यांच्या नाकात ऑक्सिजनची नळी, नळीला मशीन, मशीनला वीज. इमारतीची वीज गेली तर खाली जनरेटर आहे, पण त्याचं डिझेल अध्यक्षाच्या सहीशिवाय येत नाही. अर्ध्या वाटेत विमेवाल्यांचा फोन: "वहिनी, सकाळपासून वीज गेलीय, जनरेटर कोरडा आहे, डिझेलवाला सहीशिवाय टाकी भरत नाही. पोस्टमास्तरांना सिलिंडरवर ठेवलंय, पण तो किती पुरणार?" पैसे काढून द्या, कुणीतरी आपल्या खिशातून भरा, असं मी ओरडले. ते म्हणाले, "पैसे कुणाचेही असोत, डिझेलच्या कागदावर सही अध्यक्षांचीच लागते. दुसऱ्याची सातव्या कलमात बसत नाही ना." मी पुढच्या जंक्शनला उतरले. पलीकडच्या फलाटावर उलट्या दिशेची गाडी उभी होती, तिच्यात बसले आणि सबंध वाट रडले. समोरच्या बाईने विचारलं, "कुणी गेलं का?" मी म्हणाले, "नाही. कुणीच कुठे जात नाही."

परत आल्यावर आधी डिझेलच्या कागदावर सही केली आणि मग पोस्टमास्तरांकडे गेले. म्हातारा कॉटवर बसून माझीच वाट बघत होता. "माझ्यामुळे उतरलात ना गाडीतून?" म्हणाला.

"तुमच्यामुळे नाही हो, आमच्या घटनाकारांमुळे."

"मी मेलो की सुटाल तुम्ही."

"गप्प बसा! तसलं बोललात तर मशीनचं बटण मीच बंद करीन." मग दोघंही हसलो. पण त्या दिवसापासून लिफ्टमध्ये सहाचं बटण दिसलं की मला कसंतरीच व्हायला लागलं. बिचाऱ्याचा दोष काही नाही, आणि साखळी मात्र तिथेच बांधलेली. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

अशी धुमसत बसलेली असताना एक दिवस मला माझंच संशोधन आठवलं. इतकी वर्षं मी केलं काय? माणसं मतदानाला का येतात, हेच ना? आणि निष्कर्ष काय होता? माणसं प्रेमाने येत नाहीत. कर्तव्य म्हणून तर मुळीच येत नाहीत. माणसं येतात ती राग आला की. देश कुठलाही घ्या, जिथे लोक राज्यकर्त्यांना विटले तिथे रांगा रस्त्यावर आल्या. जिथे सगळं बरं चाललं होतं तिथे अधिकारी माश्या मारत बसले. माझे आलेख या बाबतीत अगदी सरळ होते. यांनी घातलेलं कुलूप माझ्याच किल्लीने उघडणार म्हणून मला त्या आठवड्यात पहिल्यांदा सडकून भूक लागली.

ठरवलं, या लोकांना माझा एवढा वीट आणायचा की मला हाकलायला तरी सगळे येतील.

पहिला हुकूम: पाणी सकाळी एक तास, संध्याकाळी एक तास. दुसरा: दाराबाहेर चपला-बूट दिसले तर जप्त. विमेवाल्यांचे नवे बूट मी स्वतः उचलून आणले आणि आमच्या न्हाणीघरात ठेवले. तिसरा: लिफ्ट चौथ्या मजल्यापर्यंत थांबणार नाही, तरण्याताठ्या लोकांनी जिना चढावा. गच्चीला कुलूप. दुपारी गाणी बंद. प्रत्येक कागदाखाली मोठ्या अक्षरांत 'अध्यक्षांच्या आदेशावरून', कारणबिरण काही नाही. पोस्टमास्तरांच्या विजेला आणि लिफ्टला तेवढं बोट लावलं नाही.

पहिले काही दिवस काय सांगू, कान तृप्त झाले! जिन्यात कुजबूज. मी दिसले की तोंडं बंद. तिसऱ्या मजल्यावरच्या शिकवणीवाल्या बाईंनी तर माझ्या तोंडावर म्हटलं, "ही हुकूमशाही आहे!" मला तिला मिठी मारावीशी वाटली. "असेल," मी नाक वर करून म्हणाले. "पटत नसेल तर या सभेला आणि काढा मला." ताईला फोन केला. "थोडंसं थांब. लोक चिडायला लागलेत."

"अगं, काय केलंस काय तू?"

"बूट चोरले." ताई इतकी हसली की तिला ठसका लागला.

आणि मग घोळ झाला. लोकांना सवय झाली.

पाण्याच्या वेळा पाळायला लागल्यावर टाकी वाहून जायची थांबली, आणि सातव्या मजल्यावर, जिथे इमारत बांधल्यापासून पाणी धड चढलं नव्हतं, तिथे नळाला धार आली. सातव्या मजल्यावरची बाई माझ्या दारात येऊन डोळे पुसत आभार मानून गेली. बूट आत गेले तशा मोकळ्या गॅलऱ्यांत मुलं खेळायला लागली. दातांचे डॉक्टर एक दिवस जिन्यात भेटले, घामाघूम. "वहिनी, जिन्याने चढून माझं पोट उतरलं हो!" मी दात ओठ खाल्ले. विमेवाल्यांनी पाण्याच्या वेळांचा रंगीत तक्ता करून लिफ्टमध्ये लावला आणि खाली लिहिलं: शिस्त हीच सोय. एवढंच नव्हे, शेजारच्या इमारतीतले लोक नियम उतरवून घ्यायला आले! करायला गेले एक आणि झालं भलतंच.

मी शेवटचा उपाय काढला. माझा स्वतःचा फोटो, चांगला दारभर मोठा, फ्रेम करून प्रवेशदाराशी लावला. कपाळाला आठ्या पडलेला. म्हटलं, एवढा निर्लज्जपणा तरी कुणाला सहन होणार नाही. कुणीतरी काळं फासेल, निदान मिशा काढेल. चार दिवसांनी बघते तर शिकवणीवाल्या बाई, हो, त्याच हुकूमशाहीवाल्या, पदराने फोटोची काच पुसत होत्या.

"अहो, काय करताय?"

"धूळ बसली होती," त्या म्हणाल्या. "बरा नाही दिसत."

मी घरी जाऊन नवऱ्याच्या खुर्चीला लाथ मारली. अंगठा सुजला.

दरम्यान ताईचं बोलणं बदलत चाललं होतं. आधी ती सांगायची, आज खिडकीतलं झाड दिसलं, आज शेजारणीचा चेहरा ओळखला. मग झाड म्हणेना, हिरवं म्हणायला लागली. मग हिरवंही म्हणेना. मी विचारलं की विषय बदलायची. मी पुन्हा निवडणुकीची नोटीस लावली, आणि काही का होईना म्हणून त्याच संध्याकाळचं गाडीचं तिकीट काढून ठेवलं. बॅग दाराशी आणली. नाक्यावरच्या टॅक्सीवाल्याला वेळ सांगून ठेवली. टॅक्सीवाल्याने वॉचमनला सांगितलं, वॉचमनने विमेवाल्यांना, आणि विमेवाल्यांना सांगणं म्हणजे दवंडी पिटणं.

सभेला मी खाली उतरले आणि दारातच थांबले. गाड्या लावायच्या जागेत खुर्च्या मांडल्या होत्या, त्या भरल्या होत्या. लोक जिन्याच्या पायऱ्यांवर बसले होते. पोस्टमास्तर छोटा सिलिंडर मांडीवर घेऊन पहिल्या रांगेत. छत्तीसच्या छत्तीस घरं! मी अख्ख्या नोकरीत शंभर टक्के मतदान कुठल्याही देशात बघितलं नव्हतं. खरं सांगते, माझ्या डोळ्यांत पाणी आलं. आलेख खरे होते. मनात म्हणाले, बघा घटनाकार, कोण जिंकलं ते!

"कुणाचं नाव?" मी विचारलं.

विमेवाले उठले. घसा साफ केला. "वहिनींनी या इमारतीला शिस्त लावली. पाणी दिलं. आमची पोटं कमी केली." हशा. "आणि आता ऐकतो की वहिनी सोडून जाणार. कुणाच्या भरवशावर? म्हणून मी घरोघर जाऊन सांगितलं, की बाबांनो, जो येणार नाही त्याचंच नाव पुढे करू. आज सगळे आलेत. माझ्याकडून नाव एकच आहे." आणि त्यांनी माझ्याकडे हात केला. टाळ्यांचा एवढा कडकडाट झाला की वॉचमन दचकून उठला.

"दुसरं नाव?" मी म्हणाले. "अहो, कुणीतरी! डॉक्टर! बाई, तुम्ही तरी. हुकूमशाही म्हणालात ना?"

शिकवणीवाल्या बाई पायाच्या अंगठ्याकडे बघत म्हणाल्या, "ते आधी. आता सवय झाली."

मी हट्टाने गुप्त मतदान घेतलं. माणूस चारचौघांत टाळ्या वाजवतो आणि पेटीत वेगळंच टाकतो, हे मला किती देशांनी शिकवलं होतं. चिठ्ठ्या मोजल्या. चौतीस बाजूने. दोन विरोधात. त्यातली एक माझी.

"मला मान्य नाही," मी ओरडले. "मी नको म्हणते! मला माझ्या बहिणीकडे जायचंय, तिचे डोळे चाललेत, कळतंय का तुम्हाला?"

मग दातांचे डॉक्टर अगदी हळू, खरंच वाईट वाटून म्हणाले, "वहिनी, निवडून आलेला नको म्हणाला तर आधीचा अध्यक्ष पुढे चालू. म्हणजे तुम्हीच."

"मग ते कलम बदला! सही दुसऱ्याला देता येईल एवढं तरी करा. सगळे आहात, आत्ताच बदला!"

विमेवाल्यांना आता नियमावली माझ्यापेक्षा पाठ झाली होती. "निवडणुकीच्या सभेत कलम बदलता येत नाही, वहिनी. त्याला वेगळी सभा, वेगळी नोटीस. घटनाकारांनीच सांगितलं होतं, एका देशात असंच निवडणुकीच्या गडबडीत कलम बदललं आणि..."

"मला माहितीय तो देश," मी म्हणाले. त्या देशाचे मतदानाचे आकडे मीच काढले होते. शंभराच्या जवळ गेलेले. मी त्या आकड्यांकडे बघून तेव्हा टीप लिहिली होती, जनता जागी झाली. किती आले ते मी मोजलं होतं. कशाला आले, ते कुणालाच विचारलं नव्हतं. हे लोक चिडून आलेच नव्हते. आपल्या गळ्यात पडू नये म्हणून आले होते, आणि पडायचं ते माझ्या गळ्यात आधीच पडलेलं होतं.

लोक पांगले. जाताना प्रत्येकजण माझा हात दाबून "अभिनंदन" म्हणत होता, आणि त्यात खोट काही नव्हती, हे तर जास्तच लागलं. पोस्टमास्तर शेवटपर्यंत बसून राहिले. मी त्यांचा सिलिंडर उचलून लिफ्टपर्यंत गेले.

"दुसरी चिठ्ठी माझी होती," ते म्हणाले. "तुम्ही जावं म्हणून."

"माहितीय," मी म्हणाले, आणि सहाचं बटण दाबलं.

घरी आले तेव्हा टॅक्सीवाला खाली हॉर्न वाजवत होता. खिडकीतून त्याला जा म्हणून खूण केली. मग ताईला फोन लावला.

"निघालीस का?" तिने विचारलं.

"ताई, मी निवडून आले गं."

ती हसली. "शाळेत मॉनिटर व्हायचं होतं ना तुला. तेव्हा नाही केलं कुणी."

मला हसता येईना. "ताई, मी येते. पुढची सभा लावते, ते कलम बदलून घेते, महिनाभरात..."

"अगं, सावकाश ये," ताई म्हणाली. किती समजुतीने म्हणाली, मला ताप आला की कपाळावरच्या ओल्या घड्या बदलायची, तेव्हाच्या आवाजात. "आता घाई नाही राहिली. परवापासून दिवा लागलाय की नाही, तेसुद्धा मी शेजारणीला विचारते. तू रडू नकोस. तुझा आवाज येतोय ना, छान येतोय."

मी फोन ठेवला तेवढ्यात दाराची बेल वाजली. विमेवाले होते, हातात पंपाचं बिल.

"अध्यक्षबाई, शेवटची तारीख आज आहे. इथे, खाली."

मी चष्मा लावला. कुठे सही करायची ती रेघ मला अगदी लख्ख दिसत होती.